न पाहिलेल्या बागेची चिठ्ठी

तासगाव भागातले बागाईतदार जिनेंद्र मगदूमला नुसतं 'साहेब' म्हणत. खरं तर तो कुणाचाच साहेब नव्हता. एक्क्याण्णव साली त्यानं औषधकंपनीची फिरतीची नोकरी सोडली आणि द्राक्षबागांना सल्ला द्यायचा स्वतःचा धंदा मांडला. छाटणी कधी घ्यायची, डाऊनी रोगाचा ठिपका दिसला तर काय फवारायचं, घड औषधात बुडवायची डिपिंग कुठल्या दिवशी करायची, हे तो बागेत स्वतः फिरून, पानं उलटून, घड तळहातावर घेऊन सांगायचा. मग खिशातल्या पॅडवर चिठ्ठी लिहून द्यायचा. त्याची चिठ्ठी म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणत.

"आता वर कोणी नाही. सुट्टी मागायची नाही, टार्गेटचं भूत नाही. आपले आपण मालक," असं नोकरी सोडल्याच्या दिवशी त्यानं बायकोला, गुणमालेला सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी अकरा बागा होत्या. त्या अकरा बागांची एकेक वेल त्याला नावानं ओळखायची म्हटलं तरी चालेल. पुढच्या साली सव्वीस झाल्या. एकाची बाग चांगली निघाली की त्याचा मेव्हणा यायचा, मेव्हण्याचा चुलता यायचा. जिनेंद्रला 'नाही' म्हणता येत नसे. दारात आलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला की याच्या तोंडून 'बघू की' निघायचं, आणि त्या भागात 'बघू की' म्हणजे होकारच. सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबर छाटणीला त्याच्याकडं त्र्याहत्तर बागा होत्या. सावळजपासून पलूसपर्यंत पसरलेल्या.

माधवनगरातल्या त्याच्या घरी फोन पहाटे पाचला सुरू व्हायचा. बाग असलेला माणूस पहाटेच उठतो, पानावरचं दव बघतो आणि घाबरतो. घाबरला की गावातल्या बूथवर जाऊन साहेबांना फोन लावतो. गुणमाला निम्म्या फोनांना 'निघालेत' म्हणून सांगायची. कधी तो खरोखर निघालेला असे, कधी न्हाणीघरात नुसताच उभा असे.

घरात नवराबायको आणि त्यांची लहानगी ब्राह्मी, चौथं माणूस म्हणजे जिनेंद्रचे वडील अण्णाप्पा. समडोळीची शेती धाकट्या भावावर सोपवून ते मुलाकडं राहायला आले होते. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा जन्माचा नेम. पूर्वी बापलेक शेजारी बसून जेवत. गेली दोन वर्षं अण्णाप्पा नातीला, ब्राह्मीला घेऊन बसत. जिनेंद्रचं ताट झाकून असायचं, तो आला की थंडगार आमटीत भाकरी कुस्करायचा आणि काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

"जीव किती, धावतोस किती?" एकदा अण्णाप्पा म्हणाले.

"सीझन आहे, आप्पा. फेब्रुवारी गेला की मोकळाच."

"मागल्या फेब्रुवारीतबी हेच म्हणलेलास."

ते खरंच होतं. फेब्रुवारी गेला की बेदाणा असायचा, बेदाणा संपायच्या आत एप्रिलची छाटणी यायची. बागेला विसावा होता, बाग बघणाऱ्याला नव्हता.

दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. सुरुवात कधी झाली हे पुढं त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. पण एक दिवस तो माधवनगरच्या रेल्वे फाटकात मोटारसायकलवर थांबला होता. मालगाडी गेली, फाटक वर गेलं, आजूबाजूची वाहनं सुटली आणि हा तसाच. किक मारायची आहे हे कळत होतं, पाय उचलत नव्हता. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मग शिवी दिली. एक सायकलवाला जवळ येऊन विचारून गेला, "चक्कर आली व्हय ओ?" चक्कर नव्हती. दुखत काही नव्हतं. फक्त पुढं सावळजच्या वाटेवर नऊ बागा होत्या, आणि त्या नऊ बागांचे नऊ मालक बांधावर उभे असणार, हे डोळ्यांपुढं आलं होतं.

घरातही तो बदलला. ब्राह्मीनं एकदा पाटीवर वेल काढली आणि 'बघा की, बाबा' म्हणून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती पाटी हातातून हिसकून भिंतीवर फेकली. पाटी फुटली. पोरगी रडली नाही, तुकडे गोळा करून आजोबांजवळ जाऊन बसली. जिनेंद्रला माफी मागायची होती, पण तेवढ्यात फोन वाजला.

सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा कार्डिओग्राम काढला. सगळं नीट निघालं. त्यांनी लाल गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "विश्रांती घ्या." जिनेंद्रनं विचारलं, "कधी?" डॉक्टर हसले, त्यांना ते विनोदानं विचारल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी ती गोष्ट घडली. तो तासगावपर्यंत आला आणि औषधाच्या दुकानासमोरच्या हॉटेलात चहाला बसला. चहा झाला, दुसरा झाला. उठवेना. मग त्यानं पॅड काढलं. कुठल्या बागेची छाटणी कुठल्या तारखेला झाली हे त्याला तोंडपाठ होतं. तारखेवरून बाग आज कुठल्या अवस्थेत असेल हे झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं बसल्या जागेवरून सहा बागांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, दुकानात दिल्या आणि दुकानदाराला म्हणाला, "बागा बघून आलोय. माणसं औषध न्यायला आली की ज्याची त्याला दे."

काही बिघडलं नाही. चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. आठवड्याभरात त्यानं तेच आणखी दोनदा केलं. पुढच्या सोमवारी, चौथ्या वेळेला तर चहा प्यायच्या आधीच पॅड उघडलं.

आणि त्या चौथ्या वेळच्या दोन दिवसांनंतर सकाळीच रंगुबाई दारात आली. रंगुबाईची बाग मणेराजुरीच्या अलीकडं, दोनच एकरांची. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. शिडीवर चढून छाटणी करायला ती गड्यांच्या बरोबरीनं उभी राहायची. पहिल्या अकरा बागांतली तिची एक. ती एसटीनं कधी माधवनगरला आली नव्हती, म्हणून जिनेंद्र दचकलाच.

तिनं पिशवीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली.

"सायेब, ही माझ्या बागंची चिठ्ठी न्हवं."

"नाव तुमचंच आहे की, मावशी."

"नाव माझंच हाय. पर ह्यात फुलोऱ्याचा डोस लिवलाय. माझ्या बागंत फुलोरा हून धा दीस झालं. मणी ज्वारीएवढं झाल्यात." तिनं चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "आनी दुकानदार म्हनला, सायेब बाग बघून गेल्यात. सोमवारी दिसभर मी बागंतच हुते."

"वरच्या अंगानं बघून गेलो," जिनेंद्र म्हणाला. "घाईत होतो."

रंगुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "वरल्या अंगाला आमचं कुत्रं बांधल्यालं असतंय," ती म्हणाली. "कुनालाबी बघितलं की गाव गोळा करतंय ते."

जिनेंद्रनं चिठ्ठी पुन्हा उलगडली. गुणमाला पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली होती, ती तिथंच थांबली.

"मी काय भांडाय न्हाई आले," रंगुबाई म्हणाली. "मला कळलं म्हनून मी डिपिंग केली न्हाई. पर माझी चिठ्ठी कुनाला गेली, ते तेवढं बघा."

ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. हॉटेलच्या टेबलावर एकामागून एक लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या. एक रंगुबाईची, एक ओढ्यापलीकडच्या सुभेदार लालासाहेबांची. लालासाहेबांची छाटणी दहा दिवस उशिरा झाली होती, त्यांची बाग आता भर फुलोऱ्यात असणार. मणी धरलेल्या बागेचा कडक डोस त्या नाजूक फुलांना गेला तर फूल गळून जातं, आणि राहिलेले मणी जिऱ्याएवढेच राहतात.

तो तसाच निघाला. फाटक ओलांडलं, कवलापूर मागं पडलं, वाटेत एकदाही पाय अडखळला नाही. बांधावर पोचला तेव्हा लालासाहेब खाकी हाफपँटवर उभे राहून बादल्या धुवून घेत होते. पलटणीतून निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली होती, पण माणूस अजून पलटणीतच होता.

"या सायेब! वेळेवर आलासा. तुमचा आर्डर आला, काल पाटे पाचला मानसं रांगेत फॉलिन केली. आज सकाळपत्तूर चार एकर साफ. येक घड सोडला न्हाई, कसम से."

"सगळे बुडवले?"

"सगळं. आवं, चिठ्ठीत लिवल्यापरमानं. येक थेंब कमीजास्त न्हाई. का ओ?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. पुढं कित्येक दिवस जिनेंद्र तो क्षण पुन्हा पुन्हा उभा करायचा आणि त्यात स्वतःला बोलायला लावायचा. पण तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काही नाही. सहज." लालासाहेबांनी चहा आणायला माणूस पिटाळला. दोघं बांधावर बसून चहा प्याले. अंगावर मांडवाची सावली पडली होती आणि फुलोऱ्याचा मंद गोड वास येत होता.

त्याच संध्याकाळी पाऊस आला. नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस, तीन दिवस झिमझिम. साऱ्या तालुक्याच्या बागा हवालदिल झाल्या, फोन थांबेना. दहा दिवसांनी जिनेंद्र लालासाहेबांच्या बागेत गेला तेव्हा घडांचे नुसते सांगाडे लोंबत होते. वेड्यावाकड्या काड्या आणि त्यांना कुठंकुठं चिकटलेले बारके हिरवे मणी. पाऊस ओढ्याच्या दोन्ही काठांवर सारखाच पडला होता. रंगुबाईची बाग भरलेली होती.

लालासाहेबांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पावसानं दगा दिला, सायेब. तुमी तरी काय करनार? तोंड बारीक करू नगा. लढाईत अस्संच आसतंय. पुढल्या साली बघू."

लालासाहेबांचं पोट बागेवर नव्हतं. पेन्शन होती, थोरला मुलगा पुण्यात नोकरीला होता. पण निवृत्तीनंतर त्या माणसानं ती बाग पोराबाळांसारखी वाढवली होती. त्यांनी शिवी दिली असती तर जिनेंद्रला सोसलं असतं. खांद्यावरचा हात मात्र घरी पोचेपर्यंत तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. झोप लागली होती असं नाही, तो पहाटेपासून भिंतीकडं तोंड करून जागाच होता. फोन वाजत राहिला. गुणमालेनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जवळ येऊन कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"कुठं दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"मला जायचं नाही."

"आज?"

सकाळी नऊच्या सुमारास दारात तीन मोटारसायकली उभ्या होत्या. गुणमालेनं साहेब आजारी असल्याचं सांगितलं. दोघं काळजी करून गेले. तिसरा म्हणाला, "आजारी पडायची ही येळ हाय व्हय? पैसं घेतल्यात न्हवं?" आतल्या खोलीत जिनेंद्रला ते ऐकू आलं. त्यानं चादर तोंडावर ओढून घेतली. अडतीस वर्षांचा माणूस.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी गुणमालेनं तिच्या आयुष्यात न केलेली गोष्ट केली. कुणालाही न विचारता तिनं साताऱ्याला नणंदेच्या शेजाऱ्यांकडं फोन लावून निरोप ठेवला, बॅग भरली आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. अक्काकडं जायचंय. तिकडं फोन नाही."

"आणि बागा?"

"बागा माझ्यावर सोडा. मी सगळ्यांना सांगते, साहेब नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

"लोक सोडून जातील, गुणे."

"जाऊ देत," ती म्हणाली. तिचा आवाज कापला, पण तिनं बॅगेची चेन लावली. सांगलीच्या स्टँडवर तिनं त्याला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि गाडी हलेपर्यंत ती खाली उभी राहिली.

पद्माअक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. साताऱ्यात सदरबझारात तिचं छोटं दुमजली घर होतं. तिनं भावाला काही विचारलं नाही. "जिनू, पलीकडची खोली तुझी," एवढंच म्हणाली. पहिले आठ-नऊ दिवस तो फक्त झोपला. दुपारी जेवायला उठायचा, पुन्हा झोपायचा. जागा असला की डोक्यात घडांचे सांगाडे यायचे. नंतर अक्का त्याला मंडईत पाठवू लागली. तो जायचा, पिशवी भरून आणायचा. एकदा एका गाडीवर द्राक्षं दिसली, हंगामाआधीची, आंबट. तो दुसऱ्या गल्लीनं घरी आला.

वरच्या मजल्यावर महेंद्र बनसोडे नावाचा भाडेकरू होता. तिशीतला, शिरवळच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीची बस त्याला पहाटे घेऊन जायची, नाहीतर दुपारी. बायको अंजना बालवाडीत शिकवायची. एका सुट्टीच्या सकाळी जिनेंद्र गच्चीवर उन्हात बसला होता, तेव्हा महेंद्र धुणं वाळत घालायला आला.

"दादा, अक्का म्हणत होत्या तुमचा स्वतःचा धंदा आहे," तो म्हणाला. "एक विचारायचं होतं. मीपण नोकरी सोडावी म्हणतोय. शिरवळला हायवेवर वर्कशॉप टाकायचं. जागा बघितलीये."

जिनेंद्र सावलीकडं सरकून बसला.

"आमचे वडील लोकांच्या दारात उभं राहून काम मागत मोठे झाले," महेंद्र सांगत होता. "ते म्हणतात, दुकानावर आपल्या नावाची पाटी बघून मरेन. तुमचं बरं आहे बघा. कुणाची हांजी हांजी नाही. कुणी वर नाही."

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. जे बायकोला सांगितलं नव्हतं, बापाला नव्हतं, ते जिनेंद्रनं गच्चीवरच्या त्या परक्या माणसाला सांगितलं. त्र्याहत्तर बागा, फाटक, ब्राह्मीची पाटी, हॉटेलच्या टेबलावर लिहिलेल्या चिठ्ठ्या. मधेच त्याला रडू आलं. महेंद्रनं हातातला ओला शर्ट दोरीवर टाकला नाही, तसाच पिळत उभा राहिला.

"त्या सुभेदारांना माहीत आहे?" शेवटी त्यानं विचारलं.

"नाही. ते पावसाला बोल लावतात."

महेंद्रनं पिळलेला शर्ट दोरीवर टाकला. "आमच्याकडं जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, बिघडला ना दादा, की त्याला लाल रंग लावून बाजूला ठेवायचा असतो. शिव्या बसतात. पण कुणी गुपचूप चांगल्यात मिसळला, तर तो पुढं कुठल्यातरी मशीनमध्ये जाऊन बसतो, आणि मग कुणाचा तरी हात जातो." त्यानं जिनेंद्रकडं पाहिलं नाही. "तुमचं ते अजून चांगल्यातच मिसळून ठेवलंय तुम्ही."

जिनेंद्रनं डोळे पुसले. "आणि वर्कशॉप?"

"वर्कशॉप मी काढणारच," महेंद्र म्हणाला आणि जरा हसला. "तुमचं ऐकून भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण काढणार."

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात जिनेंद्र परत आला. घरी न जाता सांगलीच्या स्टँडवरून तासगावची गाडी धरली आणि तिथून मिळेल त्या वाहनानं लालासाहेबांच्या मळ्यात गेला. सुभेदार मांडवाखाली रिकाम्या वेलींना पाणी देत होते.

"सायेब! आजारी हुतासा म्हनं. वाळलासा की लय."

"सुभेदार, बसा. सांगायचंय."

"आवं, बसतो की. काय झालं?"

जिनेंद्र उभ्या उभ्याच बोलला. "तुमची बाग पावसानं गेली नाही. माझ्या चिठ्ठीनं गेली. रंगुबाईचा डोस तुम्हाला गेला. आणि मी सोमवारी बाग बघायला आलोच नव्हतो. हॉटेलात बसून लिहिलं."

लालासाहेबांच्या हातातलं पाइपाचं तोंड खाली पडलं. पाणी त्यांच्या पायांवरून वाहायला लागलं, तरी ते हलले नाहीत.

"त्या दिशी," ते म्हणाले, "तुमी हितं आलासा. च्या प्यालासा. तवा ठावं हुतं?"

"हो."

"माझ्याम्होरं बसून च्या प्यालासा?"

जिनेंद्रनं मान खाली घातली.

"चुकी मानसाकडनं हुती. माझ्या हातनंबी झाल्यात चुका, त्याची पनिशमेंट भोगलीया. पर पोस्टवर न जाता हजेरी लावली त्यानं..." सुभेदारांनी रस्त्याकडं हात केला. "जावा. माझ्या बांधावर पुन्यांदा पाय ठिवू नगा. आनी ह्ये मी झाकून ठिवनार न्हाई. इचारंल त्याला सांगनार."

"सांगा," जिनेंद्र म्हणाला.

तो रस्त्यावर येऊन उभा राहिला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट, लालासाहेबांचा चेहरा आता सांगाड्यांच्या जोडीला डोक्यात येऊन बसला. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं गुणमालेला सगळं सांगितलं, आणि अण्णाप्पांनाही. अण्णाप्पांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या मानसाची भरपाई?"

"देतो म्हणून निरोप धाडणार आहे. ते घेणार नाहीत."

"घेऊ न घेऊ देत. तू धाड."

लालासाहेबांनी खरोखरच घेतली नाही, आणि खरोखरच सांगितलं. बातमी वणव्यासारखी पसरली. महिन्याभरात पस्तीस-चाळीस बागा गेल्या. काही जण तोंडावर बोलून गेले, काहींनी नुसतंच बोलावणं बंद केलं. एकानं बाजारात गाठून चारचौघांत विचारलं, "काय सायेब, आज कुठल्या हाटेलात बाग बघितली?" लोक हसले. जिनेंद्र तिथून निघाला.

राहिलेल्यांपैकी लांबच्या बागा त्यानं आपण होऊन सोडल्या. प्रत्येकाच्या बांधावर जाऊन सांगितलं की माझ्यानं होत नाही. हे सांगणं त्याला चिठ्ठीची चूक सांगण्याहून अवघड गेलं. एक म्हातारा बागाईतदार समजावू लागला, "आवं, काम जास्त झालं म्हनून कुनी काम सोडतंय व्हय?" जिनेंद्रनं त्याला हात जोडले. एकोणीस बागा राहिल्या. घरात हात आखडावा लागला. गुणमालेनं फोनचा ताबा घेतला. सकाळी सातपर्यंत ती रिसिव्हर बाजूला काढून ठेवायची. गुरुवार तिनं सुट्टीचा ठरवला होता, त्या दिवशी मोटारसायकलची किल्ली तिच्या कमरेला असायची.

रंगुबाई गेली नाही. फेब्रुवारीत तिची द्राक्षं निघाली तेव्हा ती एक पेटी घेऊन आली आणि तिनं आपली अट घातली. "मला दर आठवड्याला नगा. पर याल तवा दोन तास बसायचं. आनी न आलासा, तर न्हाई आलो म्हनून सांगायचं."

"सांगीन, मावशी."

"तुमाला शिकवायला मी कोन, पर मी येकदा बगितलंय. माझा मालक आसाच पळायचा. दूध, बाग, सोसायटी. पळता पळता गेला." आणि ब्राह्मीच्या हातात एक घड देऊन ती एसटी धरायला गेली.

एप्रिल आला. खरड छाटणीचे दिवस. जिनेंद्र बरा झाला असं म्हणवत नव्हतं. काही सकाळी तो पूर्वीसारखा बागेत पानं उलटत रमायचा आणि वेळेचं भान राहायचं नाही. काही सकाळी किकवर पाय ठेवला की तोच जडपणा यायचा आणि तो उतरून पायरीवर बसायचा. अशा दिवशी तो बागवाल्याला स्वतः फोन करून सांगायचा, "आज येत नाही." कारण विचारलं तर तेही सांगायचा, आणि समोरच्याला ते बहुधा कळायचं नाही.

त्याच महिन्यात एका दुपारी कवठेमहांकाळकडून एक जीप आली. दोन भाऊ होते, तालेवार. तिकडं लालासाहेबांची गोष्ट पोचली नव्हती, किंवा पोचूनही त्यांनी ती मनावर घेतली नव्हती.

"वीस एकर नवी बाग हाय, सायेब. तुमीच पायजे. फी सांगाल ती."

वीस एकर म्हणजे गेलेल्या दहा-बारा बागांची तूट एका दमात भरून निघणार होती. अण्णाप्पा झोपाळ्यावर बसले होते. गुणमाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं खूणही केली नाही आणि मानही हलवली नाही. जिनेंद्रला स्वतःचा आवाज ऐकू आला, "बघू..." आणि पुढचा 'की' ओठांवर आला होता. धाकट्या भावाच्या चेहऱ्यावर हसू उमटलंसुद्धा.

"बघू नको," जिनेंद्र म्हणाला. मग त्यालाच ते विचित्र वाटलं. "म्हणजे, मी घेऊ शकत नाही. एवढ्या लांब माझ्यानं होणार नाही. दुसऱ्या माणसाचं नाव देतो."

"फी कमी वाटती व्हय?"

"फीचा प्रश्न नाही."

त्यांना ते पटलं नाही. थोरला भाऊ जाताना म्हणाला, "मानूस मोठा झाला की आसंच हुतंय." जीप धुरळा उडवत गेली.

जिनेंद्र मागच्या अंगणात गेला. हौदातलं पाणी घेऊन त्यानं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. गुणमाला टॉवेल घेऊन मागं आली.

"चुकलं का गं माझं?"

"मला तरी काय माहीत?" ती म्हणाली. "वीस एकर होतं." मग तिनं विचारलं, "उद्या किती बागा?"

"तीन."

"मग अंघोळीचं पाणी सहाला तापवलं तरी चालेल," ती म्हणाली, आणि टॉवेल त्याच्या हातात देऊन आत गेली.